बोटीवरच्या जेवणाला धोतर

सहलीला निघायच्या पंधरा दिवस आधी टूरवाल्यांनी व्हॉट्सॲपवर एक यादी पाठवली. वर मथळा होता, ‘क्रूझवर पुरुषांसाठी संध्याकाळचे पोशाख’. खाली फोटो. प्रत्येक फोटोत तोच एक पंचविशीतला, पोट नसलेला तरुण मनगटावरचं घड्याळ नीट करत उभा. पहिल्या संध्याकाळी फिकट पँट आणि बाह्या दुमडलेला शर्ट. दुसऱ्या संध्याकाळी सगळं पांढरं. तिसऱ्या संध्याकाळी, जिला त्यांनी ‘फॉर्मल नाइट’ म्हटलं होतं, काळा सूट किंवा चकाकत्या कॉलरचा कोट आणि गळ्याला बो. सगळ्यात शेवटी बारीक अक्षरांत एक ओळ होती : ‘भारतीय पोशाखही चालेल.’ तिच्यापुढे फोटो नव्हता.

ती शेवटची ओळ मी दोनदा वाचली होती, हे मुद्दाम सांगतो. कारण पुढे मलाच ऐकवण्यात आलं की काका, तुम्ही सूचना नीट वाचल्या नाहीत. मी छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं आहे. ‘सूचना नीट वाचा’ हे मी किती परीक्षांना किती वर्गांत ओरडून सांगितलं असेल, त्याची गणती नाही.

ही सहल मुळात माझी नव्हतीच. माझा एक दोस्त आहे, पहिलीपासूनचा. आमचं गाव भोकरदन तालुक्यातलं, केदारखेड्यापासून चालत जाण्याइतकं जवळ. मी नोकरीमुळे अंबडला आलो आणि तिथलाच झालो. तो गावातच राहिला, शेती आणि मोसंबीची बाग सांभाळत. त्याच्या मुलीने आईवडिलांच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली म्हणून त्यांच्यासाठी मुंबईहून निघणारी बोटीची सहल ठरवली. हा गडी अडून बसला. “मास्तर आल्याशिवाय म्या पाण्यात पाय ठेवत न्हाई,” म्हणाला. शेवटी आम्ही दोघं आणि आमच्या दोघांच्या बायका, असे चौघं निघालो.

यादी आली त्याच दिवशी त्याचा फोन आला.

“मास्तर, ही यादी कोणासाठी हाय? ह्यातलं एकबी आपल्या अंगाला बसणार न्हाई.”

“खाली लिहिलंय की भारतीय पोशाख चालतो. तुझं लग्नकार्यातलं धोतर घे.”

“बराबर चालतंय ना? तिथं गेल्यावर तमाशा नको.”

“बिलकुल चालतं. मी वाचलंय.”

म्हणजे धोतर घ्यायला मीच सांगितलं होतं. आजही तो प्रसंग आठवला की सगळ्यात आधी हेच आठवतं आणि कानशिलं तापतात.

मी स्वतः सूट शिवायला टाकला. अंबडच्या कोर्टाजवळ एक शिंपी आहे, वकिलांचे काळे कोट शिवणारा. त्याला मोबाइलवरची यादी दाखवली. त्याने चष्मा वर करून ती बारकाईने पाहिली आणि म्हणाला, “सर, ही चकाकती कॉलर नका घेऊ. आपल्याकडं असली कॉलर बँडवाल्याच्या कोटाला लावतेत. तुम्हाला गडद निळा करतो. पाच सहा वर्षांनी नातवाच्या लग्नातबी चालंल.” त्याने सूट असा बसवला की बायको आरशासमोरून मला हलू देईना.

सूट ही आमच्या घरात साधी गोष्ट कधीच नव्हती. लहानपणी आमच्या भिंतीवर एकच तसबीर होती आणि तिच्यातल्या माणसाच्या अंगात निळा सूट होता. कोणाची तसबीर, हे सांगायची गरज नाही. माझे वडील शेतमजूर. दोन वेळच्या भाकरीची ओढाताण असताना त्यांनी एक कोट आणि एक पँट शिवून घेतली होती. वर्षातून दोन चार वेळा, सभेला किंवा कोणाच्या लग्नाला, ते ती घालायचे. बाकी वेळ कोट जुन्या लुगड्यात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत असायचा.

असो. जालन्याहून रेल्वेने मुंबई गाठली आणि बोटीवर चढलो. पहिले दोन दिवस बरे गेले. मला समुद्र लागला नाही, दोस्ताला लागला, पण आल्याची वडी चघळत तो सावरला. टूरचा एक व्यवस्थापक आमच्यासोबत होता. चाळिशीचा, आपल्याच मराठी मुलखातला, गोड बोलणारा. दिवसातून दहा वेळा “काका, ऑल ओके ना?” विचारायचा. पहिल्या दोन संध्याकाळी दोस्ताने मुलीने पाठवलेला शर्ट आणि पायजमा घातला, म्हणून कोणाला काही बोलायला जागा नव्हती.

तिसऱ्या संध्याकाळी तो त्याच्या खोलीतून बाहेर आला तेव्हा मी बघतच राहिलो. दुधासारखं पांढरं, लाल काठाचं धोतर, निऱ्या अशा काढलेल्या की फूटपट्टी लावून बघाव्यात. वर कडक इस्त्रीचा नेहरू शर्ट, त्यावर काळा कोट, डोक्याला टोपी, पायात नवा चामडी जोडा. धोतरात त्याचं सगळं अवघडलेपण गेलेलं. दोन दिवस पायजम्यात तो कोणाच्यातरी घरी पाहुणा आल्यासारखा वावरत होता, आता आपल्या बांधावर उभा असल्यासारखा ताठ होता. वहिनींनी जरीचं लुगडं नेसलं होतं.

दोघी बायका पुढे गेल्या आणि जेवणघरात जाऊन बसल्यासुद्धा. मागून आम्ही दोघं दाराशी पोहोचलो. दारात व्यवस्थापक उभा, हातात नावांचा कागद. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं.

“वा काका, परफेक्ट! या, या.”

मग दोस्ताकडे पाहिलं. हसू तसंच राहिलं, पण आवाज खाली आला.

“काका, तुम्ही एक मिनिट. तुम्ही असेच आलात?”

“असेच म्हंजे?” दोस्ताने विचारलं.

“आज फॉर्मल आहे ना. धोतर नाही चालणार. पँट नाही का आणली?”

मी म्हणालो, “यादीत लिहिलंय, भारतीय पोशाख चालेल.”

“काका, त्याचा अर्थ शेरवानी, बंदगळा असा असतो. तुम्ही सूचना नीट वाचल्या नाहीत.”

“धोतर भारतीय नाही?”

“तसं नाही हो. पाय दिसतात. बाकीचे गेस्ट आहेत, त्यांना ऑड वाटतं.” मग त्याने दोस्ताच्या खांद्यावर हात ठेवला. “काका, टेन्शन नका घेऊ. मी स्टाफमधल्या कोणाची तरी काळी पँट आणून देतो. दहा मिनिटांत होईल. तोवर टोपी काढून ठेवा.”

गुडघ्यापर्यंतचे झगे घातलेल्या बायका आमच्या बाजूने आत जात होत्या. त्यांच्या पायांबद्दल कोणाची तक्रार नव्हती, असायचं कारणही नव्हतं. एक माणूस चकाकत्या कॉलरचा कोट आणि खाली पळायचे बूट घालून आत गेला. त्यालाही कोणी अडवलं नाही. ज्याने आयुष्यात कोणाचा सदरा मागून घातला नाही, अशा सदुसष्ट वर्षांच्या माणसाला मात्र हा गृहस्थ कोणा अनोळखी माणसाची पँट घालायला सांगत होता, आणि वर आपण मदत करतोय असा त्याचा चेहरा होता. मला त्या मदतीचाच जास्त संताप आला. सरळ हाकलून दिलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

दोस्ताने खांद्यावरचा हात हळूच बाजूला केला. “नको पँट. मास्तर, तू जा आत. वहिनी वाट बघत असत्याल. म्या वर खातो.” वरच्या मजल्यावर उघड्यावर जेवणाची दुसरी सोय होती, तिथे कोणी कसंही जाई. तो वळला आणि चालू लागला. मागून त्याचं धोतर तसंच ताठ होतं. मान मात्र ताठ नव्हती.

मी आत जाऊन दोघींना सांगितलं. वहिनी अर्धी पोळी हातात घेऊन उठल्या आणि दाराशी येऊन व्यवस्थापकासमोर उभ्या राहिल्या. आयुष्यभर ज्यांचा आवाज मी माजघराबाहेर ऐकला नव्हता, त्या बाई म्हणाल्या,

“माझं लुगडं चालतंय अन् ह्यांचं धोतर न्हाई? दोन्ही एकाच दुकानातून आणल्याती.”

“काकू, लेडीजचं वेगळं असतं.”

“मंग तुमचं जेवण तुमालाच ऱ्हाऊ द्या,” म्हणून त्या निघाल्या. माझी बायको त्यांच्यामागे गेली. जाता जाता मला म्हणाली, “तुम्ही इथं उभं राहून काय करणार आहात? काहीतरी करा.”

मी खालच्या मजल्यावर गेलो. तिथे बोटीचा स्वागतकक्ष होता. एक अधिकारी बाई बसल्या होत्या, पांढऱ्या गणवेशातल्या, गोव्याकडच्या असाव्यात, हिंदी बोलणाऱ्या. माझा आवाज चढलेला होता, लपवत नाही. मी म्हणालो, धोतर घातलेल्या माणसाला तुमच्या जेवणघरात मनाई आहे, असा नियम मला लिहून द्या. सही करून द्या. बाई गोंधळल्या. त्यांनी एक जाड वही काढली, पान उलटलं, मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “सर, धोती तो नॅशनल ड्रेस में आता है ना? बिलकुल चलेगा. किसने रोका?”

तेव्हा मला कळलं. बोटीने अडवलंच नव्हतं. आमच्याच माणसाने, आमच्याच भाषेत, स्वतःच्या मनाने अडवलं होतं. कोणी परदेशी पाहुणा नाक मुरडेल या नुसत्या भीतीने. कोणी मुरडलं नव्हतं, कोणी तक्रार केली नव्हती. आधीच घाबरून जाऊन याने माझ्या दोस्ताला दारातून परत पाठवलं. तसा नियम असता तर मला बरं वाटलं असतं. नियमाशी माणूस लढतो. ह्या लाजेशी कसं लढायचं?

त्या बाईंनी व्यवस्थापकाला बोलावून घेतलं. काय बोलणं झालं ते इंग्रजीत झालं आणि लांबून झालं, पण त्याचे कान लाल झालेले मी पाहिले. बाई मला म्हणाल्या की त्या साहेबांना घेऊन या, मी स्वतः दारात उभी राहते.

मी वर पळालो म्हणायला हरकत नाही. गुडघे दुखत असतानाही. तिघं कठड्याजवळच्या टेबलावर बसून जेवत होते. वारा होता. दोस्ताने टोपी मांडीवर ठेवली होती.

“चल,” मी म्हणालो. “नियम नव्हताच. तो माणूस खोटं बोलला. बाई दारात उभ्या आहेत. चल खाली.”

“न्हाई मास्तर. माझं जेवण होत आलंय.”

“अरे पण आता न्यायाचा प्रश्न आहे. मी भांडून आलोय.”

“तू भांडलास, चांगलं केलंस. पर मला न्हाई जायचं.”

मला इतका राग आला की मी खुर्ची ओढून धपकन बसलो. बायको मला म्हणाली, “आधी तुम्ही नेमके कोणावर चिडलात ते एकदा ठरवा.” थोड्या वेळाने दोघी बायका ताटं ठेवायला गेल्या आणि आम्ही दोघंच उरलो. तेव्हा तो समुद्राकडे बघत म्हणाला,

“मास्तर, माझ्या चुलत्यानं तुझ्या बाला कोट काढायला लावल्ता. मला म्हाईत हाय.”

पंचावन्न वर्षांहून जास्त काळ आम्ही दोस्त आहोत. एवढ्या काळात ही गोष्ट आमच्यात एकदाही निघाली नव्हती. त्याला माहीत असेल, हेही मला माहीत नव्हतं.

मी तेव्हा नऊ वर्षांचा असेन. वडिलांना जालन्याला सभेला जायचं होतं आणि ते मलाही घेऊन निघाले होते. अंगात तो कोट. गावाच्या पारावर चार लोक बसले होते, त्यात याचा चुलता. त्याने हाक मारली.

“कोट कोणाला दाखवून राह्यला रे?”

“सभेला चाललो, दादा,” वडील म्हणाले.

“मंग सभेत घाल. आमच्या म्होरून न्हाई.”

वडिलांनी कोट काढला. घडी करून हातावर घेतला आणि चालू लागले. गावाची वेस ओलांडली, ओढा ओलांडला, तरी त्यांनी तो घातला नाही. केदारखेड्याच्या थांब्यावर एसटी दिसली तेव्हा घातला आणि पाठ माझ्याकडे करून म्हणाले, “माघं चुण्या पडल्या का बघ.” मी हाताने पाठीवरून सारखं केलं. त्या दिवशी आणि नंतरही ते यावर एक अक्षर बोलले नाहीत. मी मोठा झाल्यावर विचारलं तेव्हा म्हणाले, “तू शिकलास ना? मंग झालं.” झालं नव्हतं. माझ्या मनात ते अजून झालेलं नाही.

हे सगळं आठवत मी त्या टेबलावर बसलो होतो.

“तुला कधीपासून माहीत आहे?” मी विचारलं.

“त्याच दिवसापासून. चुलता घरी येऊन हसत सांगत व्हता. म्या तिथंच जेवायला बसल्तो.”

“आणि एवढी वर्षं तू माझ्यासमोर गप्प बसलास?”

“लाज वाटायची. सांगितलं असतं अन् तू बोलणं सोडलं असतंस तर?”

“सोडलं असतंही कदाचित.”

“तेच तर.”

मी त्याला बरंच बोललो. आता सगळं आठवत नाही, पण एवढं आठवतं की मी म्हणालो, माझ्या वडिलांच्या शेवटच्या आजारात तू रोज दवाखान्यात यायचास, त्यांच्या उशाशी बसायचास, तेव्हा एक वाक्य बोलला असतास तर त्यांना कळलं असतं की गावात निदान एकाला ते चूक वाटलं. त्याने ऐकून घेतलं. मध्ये एकदाही अडवलं नाही.

मी थांबल्यावर तो म्हणाला, “आजचं अन् ते एक न्हाई, मास्तर. मला कळतंय. तुझ्या बाला गावात दुसरा रस्ताच नव्हता. मला वरच्या मजल्यावर पनीर मिळालं.” मग म्हणाला, “पर त्यानं खांद्यावर हात ठिवला ना, तवा मला चुलता दिसला. म्हणून खाली जायला पाय वळंना.”

माझा राग गेला नव्हता, पण कोणावर टाकावा ते कळेना.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला व्यवस्थापक आला. “काका, कालचं जरा मिसअंडरस्टँडिंग झालं,” म्हणाला. मी म्हणालो, गैरसमज दोघांचा होतो. इथे समज तुमचा होता आणि तोही चुकीचा. दारात सगळ्यांसमोर अडवलंत, तर माफीही सगळ्यांसमोर मागा. तो इकडे तिकडे बघू लागला. दोस्त मध्ये पडला आणि म्हणाला, “जाऊ द्या साहेब, चहा घ्या.” व्यवस्थापकाने चहा घेतला नाही आणि माफीही मागितली नाही.

त्या संध्याकाळी बोटीवरची शेवटची रात्र म्हणून मोठा कार्यक्रम होता. काय घालायचं याचं बंधन नव्हतं. दोस्ताने पुन्हा धोतर नेसलं आणि आम्ही चौघं त्याच दारातून त्याच जेवणघरात गेलो. कोणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. जेवण झाल्यावर आमच्याच टूरमधलं एक कुटुंब आलं आणि “काका, तुमच्यासोबत फोटो काढू का, किती ऑथेंटिक दिसताय” म्हणालं. हेच कुटुंब आदल्या संध्याकाळी दारात आमच्या मागे उभं होतं. सगळं ऐकत होतं. तोंडातून शब्द काढला नव्हता. मी नको म्हणणार तेवढ्यात दोस्त टोपी सारखी करून उभा राहिला. मी त्या फोटोत नाही.

घरी आल्यावर मी टूर कंपनीला तीन पानांचं पत्र लिहिलं. शुद्धलेखनाच्या एकाही चुकीशिवाय. दोन आठवड्यांनी उत्तर आलं की आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. मग एका मुलीचा फोन आला, सहलीला पाचपैकी किती तारे द्याल म्हणून. मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत होती, तिचा काही दोष नव्हता. शेवटी म्हणाली, “सर, मग मी तीन लिहू का?” मी फोन ठेवला.

मागच्या महिन्यात दोस्त एका जमिनीच्या तारखेसाठी अंबडच्या कोर्टात आला होता. काम आटोपून माझ्याकडे आला. चहा पिताना म्हणाला,

“घरात सांगितलं म्या. चुलत्याचं.”

“कोणाला?”

“सगळ्यांना. पोरं, सुना, नातवंडं. जेवताना सांगितलं. थोरला भडकला. म्हणाला, कशाला उकरून काढून राह्यले आता? म्या म्हणालो, उकरून न्हाई काढलं. वरच व्हतं ते, आपुन त्याच्यावर पाय देऊन चालत व्हतो.”

“मग?”

“मंग काय? तो जेवणावरून उठून गेला. दोन दिवस बोलला न्हाई.”

मी त्याच्याकडे पाहिलं. थकलेला दिसत होता. मला म्हणायचं होतं की हे पन्नास वर्षांपूर्वी करायला हवं होतंस, आणि हेही म्हणायचं होतं की बरं केलंस. दोन्ही खरं होतं. मी दुसरंच म्हणालो, “लगेच उठू नकोस, बस जरा,” कारण तेवढंच तोंडातून निघालं. बायकोने आतून विचारलं की पोहे करू का. तो म्हणाला, “करा वहिनी, शेवटची एसटी अजून लांब हाय.”